जुन्या नौकेची सुखे : ‘ख्रिस्तिना’च्या निमित्ताने

वापरलेल्या आलिशान यॉटचे विक्रीपत्रक हा एक वाङ्मयप्रकार मानावयास आमची हरकत नाही. शयनकक्ष किती, स्नानगृहे किती, इंजिने किती तास चालली, डेक सागवानी आहे वा नाही, हे सारे तेथे साग्रसंगीत येते. येत नाही तो इतिहास. ही सुखे कोणी, कोणत्या पैशातून निर्माण केली आणि त्या जागी पूर्वी काय होते, याविषयी पत्रक मौन पाळते. ॲरिस्टॉटल ओनासिस या ग्रीक जहाजमालकाच्या ‘ख्रिस्तिना’बाबत मात्र हे मौन निभत नाही, कारण तिचे प्रत्येक सुख स्वतःच साक्ष देते.

ही नौका मुळात सुखासाठी बांधलेली नव्हतीच. ‘स्टॉरमॉन्ट’ या नावाची ती कॅनडाच्या नौदलाची फ्रिगेट. माँट्रियलला बांधलेली, 1943 साली सेवेत आलेली आणि जून 1944 मध्ये नॉर्मंडीच्या मोहिमेत सहभागी झालेली. सुमारे 300 फूट लांबीच्या त्या सांगाड्यात शंभराहून अधिक खलाशी दाटीवाटीने राहत. युद्ध संपले, जहाज निरुपयोगी ठरले आणि ओनासिसने ते जवळजवळ भंगाराच्या भावात, 34,000 डॉलरना घेतले. पुढे जर्मनीत कील येथे वास्तुविशारद सेझार पिनाऊ याच्या आराखड्यानुसार तिचा कायापालट झाला. 1954 साली, सुमारे 40 लाख डॉलर खर्चून, ती मुलीचे नाव घेऊन पाण्यात उतरली.

येथे एक विषयांतर. आजच्या यॉटचे मोठे आकर्षण असलेला ‘फ्लायब्रिज’ म्हणजे सुकाणूकक्षाच्या छपरावरील उघडा मजला. वारा, ऊन, थंड पेये आणि गादीची बैठक. ‘स्टॉरमॉन्ट’च्या वर्गातील फ्रिगेटींवरही नौसंचालनाची जागा वरून उघडीच असे. तेथे अधिकारी अटलांटिकच्या गारठ्यात, पाणबुड्यांच्या धास्तीने उभे राहत. वारा तोच, शिक्षेचे सुख होण्यास दहा वर्षांची शांतता पुरली.

‘ख्रिस्तिना’च्या डेकवरचा पोहण्याचा तलाव प्रसिद्धच आहे. पाणी काढून घेतले की त्याचा मोझेकचा तळ यंत्राने वर येई आणि त्याची नृत्यभूमी होई. मोझेकचा विषय क्रीटच्या प्राचीन वृषभकथांचा. पाहुण्यांच्या खोल्यांना ग्रीक बेटांची नावे, शेगडीला लाजवर्दाचा निळा दगड. याला केवळ धनिकाचा भपका म्हणून बाजूला सारणे आम्हांस पटत नाही. ओनासिस स्मिर्नाचा, म्हणजे आजच्या इझमीरचा. 1922 साली ते शहर जळाले, तेथील ग्रीकांची वस्ती उठली. तरुण ओनासिस पुढच्या वर्षी ब्वेनोस आयरेसला पोहोचला. ज्याचे गाव नकाशावर परक्याचे झाले, त्याने बेटांची नावे दारांवर लिहून एक हलते ग्रीस स्वतःसाठी उभारले, असे वाचन येथे संभवते. अर्थात हे वाचन त्याला निर्दोष ठरवीत नाही.

1959 च्या सुप्रसिद्ध सफरीत मारिया कालास आणि विन्स्टन चर्चिल हे दोघेही पाहुणे होते. कालासच्या प्रेमप्रकरणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष चर्चिलकडे जाते. नॉर्मंडीच्या वेळी ब्रिटनचा पंतप्रधान असलेला हा वृद्ध पंधरा वर्षांनी त्याच मोहिमेतील एका जहाजावर आरामखुर्चीत विसावला होता.

आणि मग तो बार. त्यातील उंच बैठकांना देवमाशाच्या शिश्नाची कातडी चढवलेली, हातापायांच्या टेकूंना देवमाशाचे दात. याविषयीचे चावट विनोद चरित्रग्रंथांतून हटकून येतात. ते कातडे आले कोठून, हे क्वचित येते. ‘ऑलिंपिक चॅलेंजर’ हे ओनासिसचे तरंगते कारखाना-जहाज आणि त्याचा ताफा 1950 ते 1956 या काळात देवमाशांची शिकार करीत होता. हंगामाबाहेर, नियमापेक्षा लहान आकाराचे मासेही मारले जात, अशा कबुलीजबाबांचा पुरावा नॉर्वेच्या शिकारी-संघटनेने प्रसिद्ध केला. नोव्हेंबर 1954 मध्ये पेरूच्या नौदलाने त्या ताफ्यातील जहाजे पकडली. नौकेच्या नव्या अवताराचे वर्षही तेच. समुद्रावर जो हिंसाचार होता तोच येथे बसण्याची जागा झाला, आणि पाहुण्यांना तो गंमत म्हणून दाखवला गेला. आलिशानपणाच्या वर्णनांत आम्हांस सर्वाधिक खटकते ती ही गंमत.

1975 साली ओनासिस वारला. मुलीने नौका ग्रीक सरकारला दिली; ‘आर्गो’ या नावाने ती राष्ट्राध्यक्षांची नौका ठरली, पण तिची पुरती आबाळ झाली. 1998 मध्ये एका जहाजमालकाने ती विकत घेतली, आणि 2001 पर्यंत मोठ्या दुरुस्तीनंतर ‘ख्रिस्तिना ओ’ म्हणून ती भाड्याने मिळू लागली. गंजलेले पत्रे बदलले गेले, खोल्या नव्याने सजल्या. बार मात्र जपला गेला, बैठकांवरील कातडीसह.