मूत्रपिंडहीनता, जन्मजात

दोन्ही मूत्रपिंडे मुळातच तयार न होणे, या विकृतीस द्विपार्श्व मूत्रपिंडहीनता म्हणतात. असे अर्भक उपचारांवाचून बहुधा काही तासांतच दगावते. मात्र मृत्यूचे कारण मूत्ररोध नसून अपुरी वाढलेली फुप्फुसे हे असते. मूत्रपिंडांच्या अभावी फुप्फुसे का खुंटावीत, हा या विकृतीच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

शिकागो येथील विकृतिवैज्ञानिक एडिथ पॉटर यांनी सु. ५,००० शवविच्छेदनांत आढळलेल्या अशा २० अर्भकांचे वर्णन १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. डोळ्यांखालील ठळक वळी, चपटे नाक, मागे गेलेली हनुवटी व खाली सरकलेले कान यांमुळे ती भावंडांसारखी दिसत. चेहरा, फुप्फुसे व मूत्रपिंडे यांत एकाच मूळ दोषामुळे बिघाड होतो, असे मानणे त्यामुळे स्वाभाविक होते. थॉमस व स्मिथ यांनी १९७४ मध्ये खरा क्रम दाखविला. साधारणतः चौथ्या महिन्यापासून गर्भजल मुख्यतः गर्भाच्या मूत्रापासून बनते. मूत्र नाही म्हणून गर्भजल नाही. त्यामुळे गर्भाशयाच्या दाबाने चेहरा व पाय वाकतात आणि फुप्फुसे वाढत नाहीत. मूत्रपिंडे निर्दोष असूनही गर्भजल दीर्घकाळ गळत राहिल्यास हीच लक्षणे दिसतात, हा त्याचा निर्णायक पुरावा. म्हणून ‘लक्षणसमूह’ या रूढ नावापेक्षा ‘पॉटर अनुक्रम’ हे नाव अधिक यथार्थ आहे. गर्भाशयात वारंवार द्रव सोडण्याच्या अमेरिकेतील प्रयोगात (२०२३) बहुतेक अर्भके श्वसनाच्या संकटातून तरली. तथापि रक्ताच्या अपोहनावर जगून रुग्णालयातून घरी गेलेली थोडीच.

गर्भजल घटल्याशिवाय ही विकृती सहसा लक्षात येत नाही. सोनोग्राफीने तिचे निदान बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होते. भारतात १९७१ च्या कायद्याने गर्भपाताची मर्यादा २० आठवडे ठरविली होती. निदान आणि मुदत अशी एकमेकांना भिडली. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हृदयदोष असलेल्या गर्भाबाबतची विनंती नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीनुसार गंभीर विकृतीबाबत वैद्यक मंडळाच्या संमतीने ही मर्यादा लागू होत नाही. गर्भलिंगनिदानावर मात्र महाराष्ट्रात १९८८ पासून बंदी आहे. विकृतीचे निदान त्याच यंत्राने होत असले तरी ते वैध आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांसाठी परगावाहून आलेल्या कुटुंबात गर्भवतीची पहिली तपासणी लांबली, तर ती गर्भजल आटल्यावरच सोनोग्राफीच्या टेबलावर येते. मग पुढचा निर्णय डॉक्टर व कुटुंबापुरता न राहता मंडळाकडे जाऊ शकतो.