ओळीचा पत्ता : न पाहता मजकूर बदलण्याची विद्या

१/ १९६० च्या दशकात संगणकापुढे बसणाऱ्यास पडदा क्वचितच लाभे. समोर असे टेलिटाइप : सेकंदाला सुमारे १० अक्षरे कागदावर उमटवणारे खडखडते यंत्र. शंभर भरगच्च ओळी छापण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे. म्हणून मजकूर डोळ्यांपुढे नसताना तो बदलण्याची विद्या विकसित झाली.

२/ बर्कले येथे बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी 'क्यूईडी' हा संपादक घडवला. केन थॉम्प्सन यांनी त्याच्या नव्या आवृत्तीत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शब्दाऐवजी शब्दाचा साचा शोधण्याची सोय आणली. १९६९ मध्ये युनिक्सच्या जन्मकाळी त्यांनीच बेल लॅब्समध्ये 'ईडी' लिहिला.

३/ ईडी फाइलची प्रत बफरमध्ये घेई. आज्ञेत आधी पत्ता, मग कृती : ओळ १० ते २०, अमुक शब्दाच्या जागी तमुक. जतन करण्याची आज्ञा मिळेपर्यंत मूळ फाइल अबाधित राही.

४/ पेच येथेच होता. पाचव्या ओळीखाली तीन ओळी घातल्या की दहावी ओळ तेरावी होते आणि जुना पत्ता भलत्याच ओळीवर जातो. ईडीच्या 'जी' आज्ञेने तोडगा काढला : आधी जुळणाऱ्या सर्व ओळींवर खुणा, मगच बदल. खूण क्रमांकाला नव्हे, ओळीला चिकटलेली असे.

५/ १७८७-८८ मध्ये हॅमिल्टन, मॅडिसन व जे यांनी 'पब्लियस' या टोपणनावाने ८५ 'फेडरलिस्ट' निबंध लिहिले. त्यांतील काहींचा लेखक नेमका कोण, हा वाद दीर्घकाळ चालला. ली मॅकमहॉन तो मजकूर तपासू पाहत होते. परंतु तो ईडीत मावेना. ब्रायन कर्निघन सांगतात त्याप्रमाणे, तेव्हा थॉम्प्सन यांनी ईडीतील शोध वेगळा काढून 'ग्रेप' दिले. पुढे मॅकमहॉन यांनी 'सेड' रचला : ओळ येते, बदलते, निघून जाते, सारा मजकूर स्मृतीत धरावा लागत नाही.

६/ आजच्या कोड एडिटरमध्ये प्रोग्रामद्वारे शेकडो जागी बदल करतानाही तोच पेच उभा राहतो. उपाय साधा आहे : सर्व पत्ते मूळ मजकुरावरच मोजावेत, दोन पट्टे एकमेकांवर चढू देऊ नयेत आणि बदल शेवटाकडून आरंभाकडे करत यावे. खाली केलेला बदल वरचा पत्ता हलवत नाही.

७/ टेलिटाइप संग्रहालयात गेले. त्याने शिकवलेली सावधगिरी मात्र प्रत्येक एडिटरच्या पोटात आजही काम करते आहे.