मुक्त स्रोताची कुळकथा

एका छपाईयंत्रात वारंवार कागद अडकत असे. एवढ्याशा अडचणीतून पुढे केवढे तरी रामायण घडले! १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र आले. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत, म्हणजेच सॉफ्टवेअरमध्ये, तेथील मंडळींनी सुधारणा करून घेतली होती. कागद अडकला की ज्याचे काम खोळंबले, त्याच्या संगणकावर निरोप जाई. नव्या यंत्राबरोबर मात्र मूळ आज्ञावली आलीच नाही. यंत्राला दिलेले तिचे रूपांतर माणसाला सहज वाचता येत नाही. तयार चकलीवरून भाजणीचे प्रमाण थोडेच कळते! रिचर्ड स्टॉलमन यांनी दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकाकडे मूळ प्रत मागितली. गुप्ततेचे वचन दिले आहे, असे सांगून त्याने नकार दिला. तो नकार स्टॉलमन यांच्या जिव्हारी लागला. १९८३ मध्ये त्यांनी सर्वांना खुली असणारी ‘ग्नू’ प्रणाली उभारण्याचे जाहीर केले.

त्यांच्या चळवळीचे नाव ‘फ्री सॉफ्टवेअर’. परंतु इंग्रजीत ‘फ्री’ म्हणजे मुक्त आणि फुकटही! १९९८ च्या जानेवारीत नेटस्केप कंपनीने आपली आज्ञावली खुली करण्याचे ठरवले, तेव्हा पालो आल्टो येथे काही मंडळी जमली. तेथे क्रिस्टीन पीटरसन यांनी नवे नाव सुचवले : ‘ओपन सोर्स’. स्टॉलमन यांना ते रुचले नाही, तरी ते रूढ झाले. ब्रूस पेरेन्स व एरिक रेमंड यांनी त्याच नावाची संस्था स्थापली आणि डेबियन प्रकल्पाच्या १९९७ च्या नियमांवरून व्याख्याही सिद्ध केली.

या व्याख्येची आज दहा कलमे आहेत. मूळ आज्ञावली नुसती पाहावयास मिळणे पुरेसे नाही. ती बदलता आली पाहिजे, बदललेली वाटता आली पाहिजे, विकताही आली पाहिजे. बदललेली प्रत वाटणाऱ्याने तीही खुलीच ठेवावी, अशी अट परवान्यात चालते. मात्र कोणत्याही व्यक्तीला किंवा कोणत्याही कामाला मज्जाव करता येत नाही.

हे शेवटचे कलम पचावयास सर्वांत जड. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००२ च्या आपल्या एका परवान्यात लिहिले होते, की ही आज्ञावली सत्कार्यासाठी वापरावी, दुष्कृत्यासाठी नव्हे. यात वावगे ते काय, असे आपण म्हणाल. तरीही डेबियनने तो परवाना मुक्त मानला नाही. कारण सत्कार्य कोणते, हे ठरवणार कोण? आज एकाने दुष्टांना दार बंद केले, तर उद्या दुसरा कोणी शाळेला, दवाखान्याला किंवा प्रतिस्पर्ध्याला बंद करील. दुष्कृत्याला आवर घालण्यास कायदा आहे. आज्ञावली मुक्त म्हणून एकदा देऊ केली, की घेणाऱ्याचे नाव, गाव आणि हेतू विचारावयाचा नाही. मुक्त स्रोताची खरी कसोटी ती हीच.