स्क्रॅबलमधील दुर्मीळ इंग्रजी शब्द

स्क्रॅबलमधील दुर्मीळ इंग्रजी शब्द म्हणजे दैनंदिन इंग्रजीत क्वचितच आढळणारे, परंतु स्क्रॅबल या शब्दखेळाच्या अधिकृत शब्दसूचीत समाविष्ट असलेले शब्द होत. त्यांपैकी अनेक शब्द अरबी, चिनी, वेल्श, रशियन तसेच भारतीय भाषांतून इंग्रजीत आले आहेत. खेळात त्यांचे महत्त्व अर्थापेक्षा अक्षरांच्या गुणमूल्यावर अवलंबून असते. त्यामुळे शब्दाचा अर्थापासून पूर्णपणे वेगळा विचार करता येतो का, हा प्रश्न या खेळाच्या संदर्भात वारंवार उपस्थित झाला आहे. या लेखात आवश्यक तेथे इंग्रजी अक्षरांची नावे देवनागरीत सुटी लिहिली आहेत.

पार्श्वभूमी

स्क्रॅबलचे मूळ रूप अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात तयार केले. १९४८ साली या खेळाला सध्याचे नाव मिळाले. १५ × १५ घरांच्या पटावर १०० टाइल्सच्या साहाय्याने हा खेळ खेळतात. वृत्तपत्रांतील अक्षरांची वारंवारता मोजून बट्स यांनी अक्षरांची संख्या व गुण ठरवले. त्यानुसार ‘ई’ला १, ‘जे’ व ‘एक्स’ यांना ८, तर ‘क्यू’ व ‘झेड’ यांना १० गुण आहेत. हातातील सातही टाइल्स एकाच खेळीत वापरल्यास ५० गुण अधिक मिळतात. विशेषनामे आणि संयोगचिन्ह असलेले शब्द ग्राह्य धरले जात नाहीत. उत्तर अमेरिकेतील स्पर्धांत प्रामुख्याने ‘नास्पा’ची, तर भारतासह अन्यत्र कॉलिन्सची शब्दसूची प्रमाण मानतात.

दोन अक्षरी शब्द

आधीच्या शब्दाला समांतर शब्द मांडताना दोन अक्षरी शब्द फार उपयोगी पडतात. २०१९ च्या कॉलिन्स सूचीत असे १२७ शब्द होते. ‘ए-ए’ हा हवाई बेटांवरील भाषेतून आलेला शब्द खडबडीत लाव्हासाठी वापरतात. ‘एक्स-यू’ हे व्हिएतनामचे जुने नाणे होय. ‘जे-ओ’ म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत ‘प्रिय व्यक्ती’. ‘क्यू-आय’, उच्चार ‘ची’, म्हणजे चिनी विचारपरंपरेतील प्राणशक्ती. ‘झेड-ए’ हे पिझ्झा या शब्दाचे बोलभाषेतील लघुरूप आहे. शेवटचे दोन शब्द उत्तर अमेरिकेच्या सूचीत २००६ साली आले. ‘व्ही’ हे अक्षर असलेला एकही दोन अक्षरी शब्द मात्र ग्राह्य नाही.

‘यू’विना ‘क्यू’

इंग्रजीत ‘क्यू’नंतर बहुधा ‘यू’ येतो. स्क्रॅबलच्या संचात ‘क्यू’ एक आणि ‘यू’ केवळ चार असतात. डाव संपताना हातात उरलेल्या अक्षरांचे गुण वजा होतात. त्यामुळे ‘यू’विना ‘क्यू’ असलेले शब्द खेळाडू आवर्जून पाठ करतात. अरबीतील ‘काफ’ हा वर्ण रोमन लिपीत ‘क्यू’ने दर्शवला जात असल्याने असे अनेक शब्द अरबी मूळाचे आहेत. फकीर, काझी आणि तलाक हे मराठी वाचकांना परिचित असलेले शब्द त्यांतच मोडतात. ‘कनात’ म्हणजे भूजल उताराने वाहून आणणारा जमिनीखालील बोगदा. मलिक अंबरने सतराव्या शतकात आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे उभारलेली नहर-ए-अंबरी याच तत्त्वावर आधारलेली आहे.

स्वराक्षरांविना शब्द

वेल्श भाषेत ‘डब्ल्यू’ हे अक्षर स्वर म्हणूनही वापरतात. ‘सी-डब्ल्यू-एम’, उच्चार ‘कूम’, म्हणजे हिमनदीने कोरलेला वाडग्याच्या आकाराचा खोलगट भाग. एव्हरेस्टवरील ‘वेस्टर्न कूम’ या नावात हाच शब्द आहे. ‘क्रूथ’ हे वेल्समधील प्राचीन तंतुवाद्य असून त्याच्या इंग्रजी लेखनातही ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही अक्षर नाही.

भारतीय संबंध

लाख, कोटी या अर्थाचा ‘क्रोर’, डाळ व तूप यांसाठीचे ‘दाल’ व ‘घी’ हे शब्द ग्राह्य आहेत. मूळ फारसी असलेला, मराठेशाहीतील पदाचा वाचक ‘पेशवा’ हा शब्द कॉलिन्स सूचीत आहे. इंग्रजीतील ‘माँगूस’ हा शब्द मराठी ‘मुंगूस’वरून आला आहे. त्याच्या लेखनात हंसवर्गीय पक्ष्याचे इंग्रजी नाव दिसत असले, तरी त्या पक्ष्याशी त्याचा संबंध नाही.

विक्रमी शब्द

१९८२ साली मँचेस्टर येथे कार्ल खोशनॉ यांनी ‘कॅझीक’ या शब्दाच्या अनेकवचनावर ३९२ गुण मिळवले. कॅझीक म्हणजे वेस्ट इंडीजमधील मूळ रहिवाशांचा प्रमुख. २००६ साली अमेरिकेत मायकेल क्रेस्टा यांना ‘क्विक्झॉट्री’ या शब्दाचे ३६५ गुण मिळाले. डॉन किहोते या कादंबरी-नायकाच्या नावावरून आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘अव्यवहार्य ध्येयवाद’ असा आहे.

अर्थाचे स्थान व वाद

खेळात शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. तो सूचीत असणे पुरेसे असते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच बोलता येत नसतानाही, सुमारे नऊ आठवडे शब्दसूची पाठ करून, फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळवले. मात्र २०२० साली नास्पाने आणि पुढील वर्षी मॅटेल कंपनीने आपापल्या सूचींतून वंश, धर्म आदींवरून माणसांना हिणवणारे शब्द वगळले, तेव्हा खेळाडूंत मतभेद झाले. पटावरील शब्द ही केवळ गुण देणारी अक्षररचना आहे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. ज्याला उद्देशून असा शब्द वापरला गेला आहे, त्याच्या दृष्टीने तो पटावरही अर्थहीन ठरत नाही, अशी दुसऱ्या पक्षाची भूमिका होती.