जुनी पेटी, नवा कान : हार्मोनियम, ध्वनिवर्धक आणि बदलती स्वररुची

प्रस्तावना :

वाद्यांचा इतिहास लिहिताना वाद्य केव्हा आले, कोणी आणले व कोणी वाजविले एवढ्याचीच नोंद साधारणपणे घेतली जाते. ते कोणत्या कानांनी ऐकले गेले, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः वाद्य तेच राहते आणि कान बदलतो, असे अनेकदा घडते. प्रस्तुत लेखात हार्मोनियम, म्हणजेच आपली पेटी, हिच्या संदर्भात या बदलाचा मागोवा घेतला आहे. विवेचनाचा आरंभ यवतमाळ जिल्ह्यातील महागाव परिसरातील एका जुन्या पेटीपासून केला आहे, कारण हा प्रश्न प्रथम तिनेच उभा केला.

एक पेटी, दोनदा ऐकलेली :

प्रस्तुत लेखकाच्या घरी आजोबांच्या काळातील एक हातपेटी आहे. गावच्या भजनी मंडळात ती वाजत असे. विद्यार्थिदशेत ती कर्कश वाटे. देवळावरील कर्ण्यातून तिचा आवाज आला की तो कानाला टोचत असे. पुढे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला, त्याचा गुळगुळीत आवाज आवडू लागला आणि पेटी माळ्यावर गेली. अनेक वर्षांनंतर कार्तिकातील काकडआरतीच्या वेळी भारनियमनामुळे वीज गेली. कीबोर्ड मुका झाला, कर्णाही बंद पडला. कोणीतरी पेटी काढून आणली. सभामंडपात टाळ, मृदंग आणि पंचवीस-तीस गळे यांच्यामध्ये तीच पेटी ऐकली, तेव्हा तिचा आवाज कर्कश नव्हे, भरदार वाटला. पेटीत काहीच बदल झालेला नव्हता. मग बदलले काय, हाच या लेखाचा प्रश्न होय.

पेटीचे आगमन व तिची उपयुक्तता :

फ्रान्समधील अलेक्झांद्र दबें यांनी १८४२ साली पॅरिस येथे हार्मोनियमचे पेटंट घेतले. भारतात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला जमिनीवर बसून वाजविता येईल असे हातपेटीचे रूप दिले. महाराष्ट्रात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'पासून (१८८०) बहरलेल्या संगीत नाटकात पुढे पायपेटी व ऑर्गन यांनी साथीचे मानाचे स्थान मिळविले. १९११ साली 'मानापमान'च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी पेटीला स्वतंत्र वादनाचीही प्रतिष्ठा दिली. बालगंधर्वांच्या रंगभूमीवर ऑर्गनसोबत कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला नांदत होता.

त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता, ही बाब येथे महत्त्वाची आहे. मंडपातील शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचावा म्हणून गायक-नट उंच पट्टीत गात. पितळी सुरांचा खडा, न तुटणारा आवाज त्या गायनाला आधार देई. पेटीत खर्ज व नर असे सुरांचे दोन संच एकाच वेळी वाजत असल्याने आवाजाला रुंदी येई. म्हणजे आज ज्याला आपण कर्कशपणा म्हणतो, तो त्या काळी सोय होता. एका अर्थाने पेटी हाच रंगभूमीचा ध्वनिवर्धक होता. महागावसारख्या भागातील पारावर आणि सभामंडपातही तिची हीच उपयुक्तता होती. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) प्रेरणेने गावोगाव सामुदायिक भजन रुजले. खंजिरी व टाळ यांच्या गजरात सर्वांना एका स्वरावर ठेवणारे आणि रोज सूर मिळविण्याची गरज नसलेले वाद्य म्हणून पेटी तेथे स्थिरावली.

दोन आक्षेप :

पुढे पेटीवर दोन दिशांनी आक्षेप आला. पहिला शास्त्राचा. पेटीतील बारा स्वर समान अंतरावर लावलेले असतात. सप्तकाचे १,२०० सूक्ष्म भाग मानले तर तंबोऱ्यातून उमटणारा शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ भागांवर येतो, पेटीचा गंधार मात्र ४०० भागांवर असतो. शिवाय पेटीवर मींड घेता येत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच श्रुति-हार्मोनियमचा प्रयोग केला, तो याच जाणिवेतून. आकाशवाणीवरील पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स हेही पेटीचे कठोर टीकाकार होते. त्यांचे १९३९ साली निधन झाले आणि १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ साली साथीपुरती शिथिल झाली. म्हणजे १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाले तेव्हाही ही बंदी अमलात होती. केंद्रावर पेटीला मज्जाव होता, पण त्याच काळात गावच्या पारावर पेटी अखंड वाजत होती.

दुसरा आक्षेप कोणी लिहून मांडला नाही. तो यंत्राने मांडला. ध्वनिक्षेपक आल्यावर गायकाला ओरडून गाण्याची गरज उरली नाही, पट्ट्या खाली आल्या आणि रसिकांना मऊ, जवळचा आवाज रुचू लागला. गावात मात्र आला तो कर्णा. कर्ण्यातून खर्जाचा भाग जवळजवळ नाहीसा होतो आणि मधला, टोचणारा भाग तेवढा पुढे येतो. त्यातच ध्वनिक्षेपक सुरांच्या अगदी तोंडाशी ठेवला की भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखटही मोठी होते. आपण पेटी ऐकतो आहोत असे वाटत असले, तरी प्रत्यक्षात कर्णाच ऐकत होतो. कर्ण्याचा दोष पेटीच्या माथी मारला गेला.

व्हॉल्व्हचा दाखला :

याच्याशी मिळतीजुळती घटना पाश्चात्त्य देशांत गिटारच्या ध्वनिवर्धकाबाबत घडली. व्हॉल्व्हवर चालणारे ध्वनिवर्धक क्षमतेपेक्षा अधिक मोठ्याने वाजविले की आवाज फाटतो. अभियंत्यांच्या दृष्टीने तो दोष होता. लंडन येथे जिम मार्शल यांनी १९६२ पासून बनविलेल्या ध्वनिवर्धकांच्या काळात वादकांनी तोच फाटलेला आवाज हेतुपुरस्सर वापरला. ट्रान्झिस्टर हलका, स्वस्त व स्वच्छ आवाजाचा असल्याने पुढे अनेकांनी व्हॉल्व्ह सोडला. नंतर स्वच्छतेचा कंटाळा आला आणि कित्येकांनी अडगळीतील जड ध्वनिवर्धक पुन्हा बाहेर काढले. तेथेही यंत्र तेच होते, बदलला होता तो कान.

पेटीच्या बाबतीत असे पुनर्मूल्यांकन वादकांनी घडवून आणले. अप्पा जळगावकर (१९२२-२००९) आणि तुळशीदास बोरकर (१९३४-२०१८) यांनी भात्याच्या नियंत्रणातून पेटीवर गळ्याच्या जवळ जाणारा आवाज साधला. बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. एकेकाळी आकाशवाणीच्या दाराबाहेर असलेल्या वाद्याचा हा प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वाद्याचा गुण वा दोष केवळ वाद्यात नसतो. जागा, पट्टी, सोबतचे गळे आणि मधले यंत्र या सर्वांतून तो ठरतो. म्हणूनच रुची बदलली म्हणून वाद्य मोडीत काढणे हे इतिहासाच्या दृष्टीने हानिकारक आहे. आज अनेक जुन्या पेट्या भंगारात जातात. ज्या वाचतात त्यांचे सूर दुरुस्तीत कानशीने घासून आजच्या पट्टीला आणले जातात. सुराचे टोक घासले की स्वर चढतो, मूळ घासले की उतरतो. पण घासलेले पितळ परत येत नाही. पेटीला साफ न करता, न घासता प्रथम तिचा प्रत्येक सूर ध्वनिमुद्रित केला, तर आपल्या आजोबांची मंडळी कोणत्या पट्टीत गात होती, याचा पुरावा त्यातून मिळू शकतो. हा पुरावा कोणत्याही दप्तरात नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील मंदिरे व घरे यांतील पेट्यांची अशी नोंद केल्यास तालुक्याच्या सांस्कृतिक इतिहासाचे एक साधन हाती येईल. लेखकाच्या घरची पेटी आता माळ्यावर नाही. तिचा एक सूर किंचित उतरलेला आहे, आणि तो तसाच ठेवला आहे.