दोन 'च'कार आणि घरातील ध्वनिमुद्रण

बडोद्याने मराठीची जी सेवा केली तिची कागदोपत्री नोंद विपुल आहे. १९०९, १९२१ आणि १९३४ साली येथे साहित्य संमेलने भरली. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ग्रंथ निघाले. परंतु त्या काळी दांडिया बाजारातील घरांतून जी मराठी ऐकू येत असे, ती छापील पानांत कशी सापडावी?

'चार' आणि 'चांगला' यांतील 'च' आपण निरनिराळे उच्चारतो. देवनागरीत मात्र दोहोंस अक्षर एकच. प्रमाण गुजरातीत हा दुसरा 'च' नाही. गुजराती शाळांत शिकलेल्या आमच्या नातवंडांच्या तोंडी दोन्ही 'च' एक होऊ लागल्याचे आम्ही ऐकतो. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली मराठीस वाहिलेला निघाला. पण कागदावरील नमुन्याने उच्चार कळला तरी ऐकू येत नाही.

यंत्राने तो टिपावा म्हटले तर त्याचाही इतिहास पाहावा लागतो. १९०२ साली गैसबर्गने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले ते कर्ण्यात गाऊन. त्या पद्धतीत स, श, च यांमधील बारीक घर्षणध्वनी तबकडीवर जवळजवळ उमटतच नसे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि हळू बोलणेही मुद्रित होऊ लागले. पुढे नभोवाणी आली. म्हैसूरला तर प्रा. गोपालस्वामी यांनी १९३५ साली राहत्या घरातच केंद्र थाटले! १९४७ साली संस्थानी केंद्रे पाच होती, त्यांत बडोद्याचे एक. १९४८ साली ते आकाशवाणीत सामील झाले. पण नभोवाणीवर मनुष्य बहुधा लिहून आणलेले वाचतो, स्वयंपाकघरात बोलतो तसे बोलत नाही. १९६३ च्या फिलिप्सच्या कॅसेटने यंत्र घरात आणले खरे. परंतु फितीची सरसर नेमकी या घर्षणध्वनींवरच पसरते.

१९९६ साली डॉ. गणेश देवी यांनी याच शहरात 'भाषा' संस्था स्थापून आदिवासी बोलींकडे लक्ष वेधले. आपल्या घरच्या बोलीकडे आपण तितक्या आस्थेने पाहिले आहे काय?

आज साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. मात्र दूरध्वनीवरील संभाषण मुद्रित करून भागत नाही. जुन्या दूरध्वनीची मर्यादाच सुमारे ३,४०० हर्ट्‌झची आणि 'च'चे घर्षण बरेचसे त्यापलीकडचे. समोरासमोर बसावे. दिवाणखान्याची फरशी आवाज परतवते, म्हणून गाद्या-गोधड्यांनी भरलेली निजण्याची खोली बरी. पंखा बंद हवा. बडोद्याच्या उन्हाळ्यात ही शिक्षाच, तेव्हा हिवाळ्यातील दुपार निवडावी. यंत्र मुखापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूस, घडीच्या रुमालावर ठेवावे. अगदी समोर धरल्यास 'प', 'फ', 'भ' यांचा श्वास त्यावर आदळतो. मुद्रण 'वेव्ह' प्रकारात, सेकंदास ४४,१०० नमुन्यांचे ठेवावे. आकुंचित प्रतीत जागा वाचते, पण वाचवताना यंत्र प्रथम हे बारीक ध्वनीच गाळते. मूळ प्रत दोन ठिकाणी जपावी आणि बोलणाऱ्याचे नाव, वय, गाव, तारीख आरंभीच त्याच्याच तोंडून घ्यावी.

वडीलधाऱ्यांना काही वाचावयास मात्र देऊ नये. वाचताना जीभ सावध होते. आजींना कुरडया कशा घालीत ते विचारावे, म्हणजे चूल, चाळण, जाते, झारा हे शब्द आपोआप येतील.