इंजिनाच्या तेलातील लोहकण आणि चुंबक : एका छोट्या उपायाचा इतिहास

प्रस्तावना

मोटारगाडीच्या इंजिनातील तेल बदलताना तळाचा बोल्ट, म्हणजे ड्रेन प्लग, काढला की काही प्लगांच्या टोकाशी राखाडी रंगाचा मऊ लगदा चिकटलेला दिसतो. तो बोटांत चोळला असता अतिशय बारीक असा धातूचा स्पर्श होतो. प्लगाच्या टोकाशी बसवलेल्या लहानशा चुंबकाने तेलातून वेचून घेतलेले ते लोहकण असतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासात मोठ्या यंत्रांना मिळते तशी जागा या चुंबकाला मिळालेली नाही. तथापि यंत्राची झीज ओळखण्याची जी पद्धती विसाव्या शतकात विकसित झाली, तिच्यात या साध्या वस्तूचा वाटा मोठा आहे. चुंबक तेलात कोणत्या हेतूने आला, त्याने प्रत्यक्षात काय साधले आणि त्याच्यावर विसंबण्याची किंमत केव्हा मोजावी लागली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

गाळणीविना चालणारी इंजिने

आरंभीच्या मोटारींत तेल गाळण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी या गाडीत (1908 ते 1927) तेल तळाच्या पात्रात साठे आणि फिरत्या भागांच्या आघाताने उडून सर्वत्र पोचे. आपल्याकडचा कारागीर या तळपात्राला ‘चेंबर’ म्हणतो. विशेष म्हणजे या गाडीत तेलाच्या सान्निध्यात चुंबक होताच. मात्र तो वेगळ्या कामासाठी होता. ठिणगीसाठी लागणारी वीज निर्माण करणाऱ्या मॅग्नेटोचे ‘व्ही’ आकाराचे 16 चुंबक गतिचक्रावर बसवलेले असत आणि ते गतिचक्र तेलातच फिरे. मॅग्नेटोच्या विद्युत्‌संपर्काशी कचरा साचला की वीज क्षीण होई आणि तो संपर्क साफ करावा लागे. तेलात फिरणाऱ्या चुंबकाने तेलातील लोखंड ओढून घ्यावे हे ओघानेच आले. परंतु त्या काळी हा गुण नव्हे, उपद्रव ठरत होता.

1923 मध्ये अमेरिकेतील अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी मोटारीच्या तेलासाठी गाळणीच्या एकस्वाचा अर्ज केला. तिचे ‘प्युरोलेटर’ हे नाव ‘शुद्ध तेल नंतर’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या जोडणीतून तयार झाले होते. 1924 च्या क्रायस्लर गाडीत अशी गाळणी आली. तरीही बऱ्याच काळापर्यंत गाळणी तेलाच्या एका उपप्रवाहावर बसवली जात असे. म्हणजे पंपाने ढकललेल्या तेलाचा थोडाच भाग गाळला जाई आणि उरलेला तसाच बेअरिंगांकडे जाई. सगळे तेल गाळणीतून नेणारी रचना दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ होत गेली. चुंबकाचे आकर्षण या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. गाळणी अपुरी असताना लोखंडाचे कण फुकटात धरून ठेवणारी, झिजत नाही आणि तुंबतही नाही अशी वस्तू कोणालाही हवीशी वाटणार.

चुंबकाचीच उणीव

परंतु तसा चुंबक तरी कोठे उपलब्ध होता? जुने कार्बन पोलादाचे चुंबक उष्णतेने आणि हादऱ्यांनी आपले चुंबकत्व गमावीत. इंजिनात तर या दोन्ही गोष्टींची रेलचेल! जपानमधील कोतारो होंडा यांनी 1917 मध्ये कोबाल्टयुक्त पोलादाचा प्रबळ चुंबक तयार केला. 1931 मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोह, निकेल व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचा शोध लावला आणि त्यातून पुढे ‘अल्निको’ हे कुटुंब विकसित झाले. अल्निको शेकडो अंश तापमानातही टिकतो, त्यामुळे इंजिनाच्या तळाशी तो निर्धास्त राहू शकतो. जपानमध्येच 1930 च्या सुमारास योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी फेराइटवर मूलभूत काम केले. 1950 च्या दशकाच्या प्रारंभी हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने बेरियम फेराइटचे स्वस्त चुंबक पुढे आणले. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तळपात्रात आजही आढळणाऱ्या काळ्या चकत्या बहुधा याच कुळातील असतात.

1980 च्या दशकात निओडिमियम, लोह व बोरॉन यांचा चुंबक आला. जपानमधील मासातो सागावा आणि अमेरिकेतील जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी तो स्वतंत्रपणे विकसित केला. सामर्थ्याच्या बाबतीत तो सर्वांच्या वरचढ ठरला. परंतु त्याच्या साध्या प्रती सुमारे 80 अंश सेल्सिअसपलीकडे दुर्बल होऊ लागतात, आणि तापलेल्या इंजिनातील तेल 90 ते 120 अंशांपर्यंत सहज जाते. म्हणून उष्णता सोसणाऱ्या खास प्रती किंवा 1960 च्या दशकात पुढे आलेला समेरियम-कोबाल्ट चुंबक वापरावा लागतो. बाजारातील चुंबकी प्लग विकत घेणारा ग्राहक हा तपशील क्वचितच विचारतो.

काय पकडले जाते, काय निसटते

चुंबकाच्या कामगिरीविषयीचे अतिरंजित दावे तपासण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. कणावरील चुंबकीय ओढ त्याच्या आकारमानावर, म्हणजे व्यासाच्या घनावर अवलंबून असते. तेलाचा प्रवाह त्याला वाहून नेतो ते बल मात्र साधारणपणे व्यासाच्याच प्रमाणात असते. त्यामुळे कणाचा व्यास दहावा हिस्सा झाला की चुंबकाची तुलनात्मक पकड शंभरपटीने घटते. शिवाय चुंबकाचा प्रभाव अंतरागणिक झपाट्याने ओसरतो. मोठे तुकडे सहज सापडतात, पण ते बहुधा तळाशीच बसलेले असतात किंवा गाळणीत अडकतात. बेअरिंगमधील तेलाचा पापुद्रा काही मायक्रॉन जाडीचा असतो. त्यात शिरून पृष्ठभाग ओरबाडणारे सूक्ष्म कण हेच खरे शत्रू होत, आणि तेच चुंबकाला अधिक चुकवतात. सूक्ष्म कणांचे महत्त्व 1988 मध्ये जनरल मोटर्समधील एका अभ्यासाने ठळक केले. 40 मायक्रॉनच्या गाळणीऐवजी 15 मायक्रॉनची गाळणी वापरली असता इंजिनाची झीज सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले.

दुसरी मर्यादा द्रव्याची आहे. दट्ट्या ॲल्युमिनियमचा, बेअरिंगांचे अस्तर तांबे, शिसे वा कथील यांच्या मिश्रधातूंचे, आणि हवेतून येणारी धूळ वाळूची. यांपैकी कशालाही चुंबक ओढत नाही. आपल्याकडील रस्त्यांवरील धुळीचे प्रमाण पाहता ही उणीव क्षुल्लक म्हणता येणार नाही. गाळणीच्या बाहेरून चिकटवण्याच्या चुंबकांची गोष्ट आणखी वेगळी. गाळणीचा डबाच पोलादी असल्याने चुंबकाच्या बलरेषांचा बराचसा भाग त्या पत्र्यातूनच परत फिरतो.

साक्षीदार म्हणून चुंबक

तेल स्वच्छ करणारा म्हणून चुंबक बेताचाच. त्याची खरी योग्यता विमानोद्योगाने ओळखली. विमानाच्या इंजिनातील व हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधील चुंबकी प्लग ठरावीक उड्डाणतासांनंतर काढून त्यांवरील कण तपासण्याची प्रथा रूढ झाली. पुढे दोन विद्युत्‌टोकांमध्ये फट ठेवून तेथेच चुंबक बसवण्यात आला. लोहकणांनी ती फट भरली की मंडल पूर्ण होऊन वैमानिकासमोर दिवा लागतो. बारीक लगद्यानेही दिवा लागू लागला, तेव्हा विजेचा झटका देऊन तो लगदा जाळून टाकण्याची युक्ती निघाली. त्यानंतरही दिवा विझला नाही, तर तुकडा मोठा आहे असे समजावे.

तेलाच्या परीक्षणाची एक समांतर वाटही होती. 1946 मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने डिझेल इंजिनांच्या तेलाची वर्णपटमापनाने तपासणी सुरू केली. या पद्धतीने कोणता धातू किती आहे हे कळते, परंतु कणांचे रूप कळत नाही. ही उणीव 1970 च्या दशकाच्या आरंभी व्हर्नन वेस्टकॉट यांच्या फेरोग्राफीने भरून काढली. चुंबकावर किंचित तिरकी ठेवलेली काचपट्टी आणि तिच्यावरून सावकाश ओघळणारे तेल, एवढीच ती रचना. मोठे कण आधी अडकतात, लहान कण पुढे जाऊन बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता नित्याच्या घर्षणातून सुटलेले पातळ पापुद्रे, ओरबाडण्यातून निघालेल्या लेथच्या किसासारख्या वेटोळ्या आणि थकव्याने उखडलेले जाड तुकडे हे निरनिराळे ओळखू येतात. इतिहासकार नाण्यावरून राजवट ओळखतो, तसा हा अभ्यासक कणावरून झिजेचा प्रकार ओळखतो. मानवी सांध्यांतील द्रवाच्या परीक्षणासाठीही ही पद्धत वापरली गेली, हे विद्याशाखांच्या सरहद्दी जपणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

उत्तर समुद्रातील दोन अपघात

1 एप्रिल 2009 रोजी मिलर या तेलमंचावरून ॲबर्डीनकडे परतणारे सुपर प्युमा हेलिकॉप्टर उत्तर समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व 16 जण मृत्युमुखी पडले. मुंबई हायच्या तेलमंचांवर ये-जा करणारे कर्मचारीही हेलिकॉप्टरवरच अवलंबून असल्याने ही घटना आपल्याला परकी वाटू नये. गिअरबॉक्समधील एका ग्रहचक्राला तडा गेला होता. अपघाताच्या 36 उड्डाणतास आधी, 25 मार्च रोजी, चुंबकी शोधकावर धातूचा एक कण सापडला होता. मात्र तो त्या चक्राच्या ऱ्हासाची खूण आहे हे ओळखले गेले नाही. ब्रिटिश तपास यंत्रणेच्या 2011 च्या अहवालाने आणखी एक बाब नोंदवली. त्या गिअरबॉक्समध्ये चुंबकांचे एक कडे बसवलेले होते. वरच्या विभागातील कण खालच्या विभागात जाऊ नयेत, हा त्याचा उद्देश. याच कड्यामुळे सुटलेले कण शोधकापर्यंत पोचण्याची शक्यता घटली, असा निष्कर्ष निघाला. एका चुंबकाने दुसऱ्या चुंबकाची साक्ष अडवली होती. अपघातानंतर ते कडे काढून टाकण्याचे आदेश निघाले.

29 एप्रिल 2016 रोजी नॉर्वेतील तुरॉय येथे याच घराण्यातील ईसी 225 हेलिकॉप्टर कोसळून 13 जणांचा बळी गेला. याही वेळी ग्रहचक्रच तुटले होते. 2018 च्या नॉर्वेजियन अहवालानुसार, तडा पृष्ठभागावरील सूक्ष्म खड्ड्यापाशी सुरू होऊन धातूच्या आत वाढत गेला. पृष्ठभागावरून उखडलेले कण इतके थोडे होते की अपघातापूर्वी शोधकाकडून कोणताही इशारा मिळाला नव्हता.